हद्दीबाहेरचे अप्पा

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वडवणीच्या बाजारात मेथी निवडत होतो. पलीकडून त्यांचा थोरला, शिवा म्हणाला, "काका, अप्पा लिंगैक्य झाले." मी जुडी तशीच खाली ठेवली. भाजीवालीला सांगितलं तर तिनंही पदर डोळ्याला लावला... या बाजारात अप्पांना न ओळखणारं माणूस सापडणं अवघडच. महिना होत आला, अजून बाजारच्या दिवशी करमत नाही.

ओढ्याकाठच्या गावात त्यांचं किराणा दुकान. पण जीव धंद्यात कमी आणि तालुक्यात जास्त. वडवणी तालुका व्हावा, साध्या सातबाऱ्यासाठी माणसाचा अख्खा दिवस एस.टी.त जाऊ नये, हे एकच खूळ. निवेदनं, मोर्चे, उपोषणं; दुकान वैनींच्या गळ्यात टाकून हे मोकळे. मी शाळामास्तर, म्हणून घोषणा लिहायचं काम माझ्याकडं. माझी ओढूनताणून जुळवलेली यमकं ऐकून ते पोट धरून हसायचे, पण मोर्चात त्याच घोषणा घसा बसेपर्यंत द्यायचे.

शेवटी तालुका झाला. गुलाल उधळला, फटाके वाजले. आणि मग कळलं, की नवी हद्द ओढ्यावरूनच गेली. पलीकडची गावं वडवणीत आली, अलीकडचं अप्पांचं गाव जुन्या तालुक्यातच राहिलं! माझं डोकं फिरलं. अप्पा मात्र पेढे वाटत होते.

"अप्पा, पेढे कावून वाटता? तुमचं गाव तर बाहेरच राहिलं!"

"मास्तर, सोयरीक जमवणाऱ्यानं नवरी आपल्या घरी न्यायची असती व्हय? खावा गुमान."

पुढं दर बाजारच्या दिवशी ते वडवणीच्या तहसीलबाहेर बसायचे. कुणाला कुठल्या टेबलावर जायचं ते सांगायचे, वर पदरचा चहा पाजायचे. स्वतःचं काम निघालं की मुकाट्यानं जुन्या तालुक्याची एस.टी. धरायचे. कधी चकार शब्द नाही. मला वाटायचं, या माणसाला वाईट वाटणं ठाऊकच नाही.

अप्पांच्या गणाराधनेच्या, म्हणजे दिवसाच्या जेवणाच्या, निमंत्रणाचा मजकूर लिहायला त्यांच्या घरी बसलो होतो. वैनी म्हणाल्या, "गाव बाहेर राहिल्याचं तुमच्यापाशी कदी बोलले का वो?"

"न्हाई."

"माज्यापाशी बी न्हाई. पण एस.टी.त कुणी परक्यानं तालुका इचारला की वडवणीच सांगायचे. मी शेजारी बसलेली असायची. एकदा म्हणलं, खोटं कावून बोलता? तर खिडकीतून बायेर बघत बसले..."

मान खाली घालून मी लिहायला लागलो. गावाच्या नावापुढं 'ता. वडवणी' लिहिलं आणि कागद शिवाकडं दिला.

"काका, तालुका चुकला," तो म्हणाला.

वैनींनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"चुकू दे," म्हणाल्या. "तसाच छाप."