रिकामी राहिलेली जागा

इकुयोचं थोरल्या बहिणीशी भांडण असं कधी झालंच नाही. नुसतं पोटात दुखायचं, तेही साठ वर्षं. तोमिएताई चार वर्षांनी मोठी, पण दोघी कुठे गेल्या की लोक ताईकडे बघून इकुयोला विचारणार, "या तुमच्या धाकट्या बहीण का?" ताई सत्तरीची, पाठ ताठ, वर वीटकरी कोट. इकुयोची तीस वर्षं जेवणाचे डबे भरण्याच्या कारखान्यात वाकून गेली आणि पाठ तशीच राहिली.

त्या सकाळी दोघी आईच्या कबरीवर फुलं ठेवायला निघाल्या. ओमिया स्टेशनला गाडीत शिरल्या तेव्हा मुंगीला शिरायला जागा नव्हती, पण आवाज म्हणाल तर नाही. सगळ्यांच्या पिशव्या पोटाशी, डोळे फोनात. तेवढ्यात समोरच्या, म्हाताऱ्यांसाठी राखीव बाकावरची कॉलेजातली मुलगी उठली आणि इकुयोला हळूच म्हणाली, "आजी, बसा ना."

इकुयोला म्हणाली. शेजारी सत्तरीची बाई उभी असताना. इकुयोच्या अंगाचा तिळपापड झाला. "मी पुढच्याच स्टेशनला उतरतेय," तिनं धडधडीत खोटं सांगितलं. पोर कानापर्यंत लाल झाली आणि माफी मागत गर्दीतून पलीकडच्या दाराकडे सटकली. आजीसाठी सोडलेल्या जागेवर आता दुसरं कोण बसणार? एवढ्या चेंगराचेंगरीत ती जागा रिकामी, आणि अख्खा डबा आपल्याला ती दिसतच नाही असं दाखवत होता.

"बस की, नखरे कसले करतेस," ताई कुजबुजली.

"तूच बस. मोठी तू आहेस."

"मला कुठे कुणी बोलावलंय?"

"तुला कशाला बोलावतील? तू तर सोळा वर्षांची."

पुढचं स्टेशन आलं आणि गेलं. इकुयो काही उतरली नाही.

ताई खिडकीकडे बघत म्हणाली, "गुडघा गेलाय माझा. कुणाला सांगितलं नाही. दोन वर्षं रोज असल्या राखीव बाकासमोर येऊन उभी राहते, पण माझ्यासाठी एकदासुद्धा कुणी उठलं नाही गं. आत्ता तुझा काय हेवा वाटला मला."

इकुयोनं खाली पाहिलं. वीटकरी कोटाखाली ताईचा पाय लटपटत होता.

तिनं ताईला दंडाला धरून बसवलंच. "ती तुझ्यासाठीच उठली होती. मीच मध्ये आले."

"खरंच?"

"खरंच. तुझ्याकडेच बघत होती."

ताईचा चेहरा असा खुलला की वय आणखी दहा वर्षांनी उतरलं. इकुयोच्या पोटात पुन्हा दुखायला लागलं.