बस्त्याच्या मुहूर्ताला पांढरं पान

निपाणीच्या पाटलांच्या बस्त्याचा मुहूर्त सकाळी दहाचा होता, आणि बरोबर त्याच मुहूर्तावर माझी वेबसाइट गेली. मुहूर्त उत्तम होता, असं भटजी अजून सांगतात.

मी बेळगावातल्या शहापूरची. आमच्या घरात पॉवरलूमचे माग चार आणि पदवीधर एक. ती मी. बी.सी.ए. झाले तेव्हा अप्पांनी दारावर माझ्या नावाची पाटी लावली, पदवीसकट. (घर अप्पांच्या नावावर, पाटी माझ्या.) लहानपणापासून मागाच्या खटखटीत मला स्वप्नं पडतात, तीही जागेपणी. दुपारी झरोक्यातून उन्हाचा पट्टा आत येतो, त्यात सुताचे बारीक धागे तरंगत असतात, माग एका लयीत चालतात आणि मी डोळे उघडे ठेवून कुठं तरी निघून जाते. वेबसाइट मला अशीच एका दुपारी पडली. दूरच्या कुठल्या तरी शहरात, खिडकीत बसलेली एक बाई आमच्या साडीच्या काठावरून काचेवरच बोट फिरवतेय, असं मला दिसलं.

स्वप्नाला जागा मात्र मी स्वस्तातली घेतली. शेअर्ड होस्टिंग म्हणतात तिला.

"म्हणजे काय गं?" अप्पांनी विचारलं.

"कुठं तरी लांब एक मोठा कॉम्प्युटर असतो अप्पा. त्यात आपल्यासारखी पुष्कळ बिऱ्हाडं."

"नळ एकच?"

"एकच."

"मग भांडणं?"

"तिथं कोण भांडत न्हाय. मशीन हाय ते."

अप्पा हसले. ते का हसले हे मला पुढं कळलं.

आता अप्पांचा एक नियम. गिऱ्हाइकाला घडीवरची साडी दाखवायची नाही. पदरापासून शेवटापर्यंत उलगडायची. "आत डाग असला तर दिसू दे, नसला तर तेबी दिसू दे." कॉलेजात मला शिकवलं होतं की फोटो हलके करून टाकावेत. पण हलका केला की काठातली जर पिठल्यासारखी दिसायची. मग मी प्रत्येक साडी गच्चीवर उलगडून, तुकड्यातुकड्यानं फोटो काढून, अखंड चढवली. एकेक साडी उघडायला वेळ लागायचा, पण उघडली की धागा न् धागा मोजून घ्या.

आधी आत्या आणि मावश्या बघू लागल्या. मग कोल्हापूर, मग पुणं, मग एक दिवस चक्क मस्कत. कोणत्या गावातून कोण आलंय ते स्क्रीनवर दिसायचं. दुपारभर मी गावांची नावं बघत बसायचे. मस्कतमध्ये आत्ता ऊन कसं असेल, ती बाई पदरावर थांबली की काठावर, याच्यात माझा चहा गार व्हायचा. मधूनमधून होस्टिंगवाल्यांचे मेल यायचे : तुमची साइट ठरलेल्या वाट्यापेक्षा जास्त वापर करत आहे. मी ते अप्पांना अभिनंदनासारखे वाचून दाखवायचे.

"म्हणजे आपण दुसऱ्याच्या वाटणीचं खातोय व्हय?" अप्पांचा चेहरा पडला.

"तसं न्हाय हो. मोठा प्लॅन घ्यावा म्हणून भीती घालतात."

(बी.सी.ए. झालेल्या माणसाला भीती घालणं सोपं नसतं.)

त्याच सुमाराला पाटलांचं लग्न निघालं. नवरदेवाची आत्या शांताक्का, निपाणीच्या त्या अख्ख्या भावकीत तिचाच शब्द चालतो. तिनं आमच्या साड्या साइटवर बघितल्या आणि सगळा बस्ता आमच्याकडंच घ्यायचं ठरवलं. आमच्या घरात त्या बस्त्याला फार किंमत होती. चौथा माग काम नसल्यानं बंद पडून होता. अप्पा म्हणाले होते, "ह्या बस्त्यानं तो चालला तर चालला, न्हाय तर भंगारवाल्याला सांगतो." तो माग आईचा. लग्न होऊन आल्यापासून ती त्याच्यापाशीच उभी राहिलेली. ती रोज सकाळी पदरानं त्याच्यावरची धूळ पुसत होती.

शांताक्काचा फोन आला. "पोरी, मुहूर्ताला सगळी मिळून येतो."

इथं माझी पदवी बोलली. "कशाला आक्का, एवढ्या माणसांनी एवढ्या लांब? घरात बसून बघा. लिंक पाठवते. मुहूर्त लागला की पहिली साडी उघडा."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी."

तिनं ती लिंक निपाणीत, चिकोडीत, सदलग्यात आणि पुण्यात नोकरीला असलेल्या भाच्यांना पाठवली, वर ताकीद दिली की मुहूर्ताआधी कुणी उघडायचं नाही. पाटलांच्या भावकीत ताकीद पाळतात. दहाच्या ठोक्याला सगळ्या भावकीनं एकदम, एकच साडी, पदरापासून शेवटापर्यंत उघडली.

मी स्क्रीनसमोर होते. एक गोल फिरू लागला. सावकाश, मागावरच्या धोट्यासारखा न खटखटता, पाण्यातल्या भोवऱ्यासारखा. खरं सांगते, बघायला छान वाटत होतं. मी तिथंच हरवले. फोन वाजला तेव्हा शांताक्का होती.

"आगं, गोल फिरालंय नुसतं."

"फिरू दे आक्का, आत्ता उघडतंय."

"थांबलं बघ फिरायचं. आता पांढरं झालं."

"सगळं पांढरं?"

"कोऱ्या कापडागत. पोरी, लग्नाच्या मुहूर्ताला पांढरं कापड दाखवालीस व्हय?"

माझ्या पाठीमागं आई उभी होती. तिनं ते ऐकलं आणि चौथ्या मागाकडं बघितलं.

मी होस्टिंगवाल्यांना फोन लावला. पलीकडचा माणूस पेढा मागितल्यासारख्या आवाजात म्हणाला, "मॅडम, तुमची साइट खूपच लोकप्रिय झालीय. त्यामुळं त्याच सर्व्हरवरच्या शेजारच्या साइटना यायला-जायला वाट राहिली नाही, म्हणून तुमची तात्पुरती बंद केली." मोठ्या प्लॅनवर हलवायला संध्याकाळ होईल म्हणाला. दहाला लागलेला मुहूर्त दुपारी एकपर्यंतच होता.

"मग आम्ही कोल्हापूरला जातो," शांताक्का म्हणाली. "जवळबी पडतंय."

अप्पांनी माझ्या हातातला फोन घेतला. "नमस्कार आक्का. अपशकुन न्हाय तो. गिऱ्हाईक लई झालं म्हणून त्यांनी दार लावलंय. आमच्या घराचं दार उघडं हाय. या."

पलीकडं तिनं कुणाला तरी गाडी काढायला सांगितलं. मग, "चहा ठेवा."

आले. दोन टेम्पो-ट्रॅव्हलर, एक जीप आणि मोटरसायकली, सगळं आमच्या गल्लीत, जिथं दोन सायकली समोरासमोर आल्या की एकीला मागं जावं लागतं. आमची बाहेरची खोली एकट्या जीपनंच भरली. आई दारात उभी राहून सांगू लागली, "पाच जणी बाहेर या, मग पाच जणी आत जावा." बाहेरच्या ओळीत बायका पुढं सरकेनात, गोल फिरत राहिल्या. तेवढ्यात शेजारचे बसवंतअण्णा वाट काढत आले.

"रं अप्पा, तुझ्या माणसांनी गल्ली भरली. आमच्या गिऱ्हाइकानं यायचं कुठनं?"

हे वाक्य मी सकाळपासून दुसऱ्यांदा ऐकत होते. तेव्हा कुठं मला शेअर्ड होस्टिंग नीट समजलं. (पदवी परीक्षेत त्यावर मला पैकीच्या पैकी गुण होते.)

"भांडू नका अण्णा," अप्पा म्हणाले. "मोठ्या जागेत जाऊ." आणि माझ्याकडं वळून, "तुझ्या त्या मशीनला हे सुचलं न्हाय व्हय?"

कोपऱ्यावरच्या देवळाचा मंडप बसवंतअण्णांनीच उघडून घेतला. कपाटातल्या साड्या हातोहात तिथं गेल्या. अप्पांनी एक टोक धरलं, मी दुसरं, आणि आम्ही उलगडत गेलो. जांभळी, आमसुली, मोरपंखी. मंडपाच्या जाळीतून ऊन खाली येत होतं, साड्या वाऱ्यानं हलकेच वर उचलल्या जात होत्या आणि निपाणीच्या बायका त्यांच्या कडेनं पाऊल जपून चालत होत्या, नदीकाठानं चालावं तशा. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मला वाटलं मी पुन्हा जागेपणी निघून गेले. पण एक पोरगी माझ्या पायावर चहा सांडून गेली, म्हणजे खरं होतं.

शांताक्का एका आमसुली साडीपाशी बसली. अंगठ्यानं काठ चोळला, उलटा करून बघितला, पुन्हा चोळला. मुहूर्त संपत आला होता. सगळ्यांचे डोळे त्या अंगठ्यावर.

"ही," ती म्हणाली. "आणि ह्याच काठाच्या आहेराच्याबी. सगळ्या एका रंगाच्या नकोत."

तेवढ्या साड्या कपाटात नव्हत्या आणि तीन मागांवर वेळेत होणाऱ्याही नव्हत्या. अप्पांनी आईकडं बघितलं. पण आई मंडपात नव्हतीच. ती आधीच तेलाची बुधली घेऊन घरी गेली होती, आणि थोड्या वेळानं गल्लीत चौथी खटखट ऐकू आली.

पुढं मी मोठा प्लॅन घेतला. आता सर्व्हर आमचा एकट्याचा. जिल्ह्याची भावकी एकदम आली तरी पान झटक्यात उघडतं. परवा चिकोडीच्या एका घराचा बस्ता ठरला, तेव्हा अप्पा माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले.

"साइट चालू हाय?"

"एकदम."

"कितीबी माणसं आली तरी पडणार न्हाय?"

"कितीबी."

 आई मागावरूनच म्हणाली, "मग माणसं घरात येतील कशाला गं?"

अप्पांनी घसा खाकरला. "मुहूर्तापुरती तेवढी बंद पाड की."

आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी. दारावर पाटी आहे. सध्या पंचांग घेऊन बसलेय, वेबसाइट कधी बंद पाडावी ते बघत.