रोखीचा चहा

मासेमारीच्या बोटीवर बाई चढत नाही. आमच्या डहाणूच्या किनाऱ्यावर हे कुणी कुणाला शिकवत नाही, ते असतंच. बोट पुरुषांची. ती किनाऱ्याला लागली की मासळी बायकांची. विकायची त्यांनी, सुकवायची त्यांनी आणि पैसेही त्यांच्याच कमरेला. त्यामुळे माझ्या आईचा सगळा जन्म समुद्राच्या काठावर गेला, पण समुद्रावर ती कधी गेली नाही. गेली ती एकदाच, माझ्यामुळे, आणि तीही क्रूझवर. गावात कळलं तेव्हा लोक तोंडावर हसले. मच्छीवाली म्हातारी क्रूझवर चालली! कारण दुसरं काही असतं तर मीही हसले असते.

कारण माझा धाकटा भाऊ. काही वर्षांपूर्वी तो ज्या बोटीवर होता ती दीवच्या बाजूच्या समुद्रात वादळात उलटली. बोट सापडली, दोघांचे मृतदेह सापडले, भाऊ सापडला नाही. बोटीच्या मालकाने बोट जिथे मिळाली ती जागा माझ्या मोबाइलच्या नकाशावर टाकून दिली. निळ्या पाण्यात एक लाल खूण. त्याच्यापाशी तेवढंच देण्यासारखं होतं, त्याने ते दिलं.

मृतदेह नाही म्हणून आईने काहीच मानलं नाही. दिवस नाहीत, पाणी नाही, फोटोला हार नाही. कधी म्हणे गुजरातच्या बंदरात असेल, कधी म्हणे पलीकडच्या देशाने पकडून नेला असेल. रोज संध्याकाळी माझा मोबाइल मागायची आणि ती लाल खूण बघत बसायची. मी ओरडायचे, समजवायचे, रडायचे. तिच्यावर कशाचा परिणाम झाला नाही.

आणि या सगळ्यात माझी भावजय अडकली होती. लग्नाला वर्ष होत नाही तोवर हे झालं. माहेरी, रानशेतला, तिचं कुणी उरलं नव्हतं. ती आईबरोबर वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, बोंबील वाळत टांगायची, वाणगावच्या बाजारात टोपली घेऊन बसायची. तलासरीत, जिथे मी पतसंस्थेच्या काउंटरवर बसते, तिथल्या एका गॅरेजवाल्याने तिला मागणी घातली होती. बायको गेलेला, शांत माणूस. तिलाही तो आवडला होता. पण ती मला म्हणाली, "ताई, आयनी स्वतः त्यांना सोडलं तर मी जाईन. आयना तसं टाकून नाय जाणार." गॅरेजवाला म्हणाला, थांबतो. थांबलाही.

गेल्या पावसाळ्यानंतर एक दिवस आई आपणहून बोलली. मी चपापलेच.

"त्याला तिथं जाऊन काय तरी दिलं पायजे," ती म्हणाली. "माझ्या हातानं. माझ्या पैशाचं. मंग मी सुनेला मोकळी करीन."

ही आमच्या आजीच्या तोंडची रीत. समुद्रात राहिलेल्याला शेवटचं खाणंपिणं आईने द्यायचं, ते तिच्या स्वतःच्या कमाईचं असायला हवं, आणि तो जिथे राहिला तिथल्याच पाण्यात द्यायचं. त्याने घेतलं की तो सुटला. आता बोटीवर बाई चढत नाही, तर आई तिथे जाणार कशी? मुंबईहून दीवला जाणाऱ्या क्रूझची जाहिरात मी मोबाइलवर पाहिली तेव्हा मला ती देवानेच पाठवली असं वाटलं. देवावर माझा तोवर थोडाफार विश्वास होता.

दोघींचं तिकीट मी माझ्या क्रेडिट कार्डावर हप्त्यांनी काढलं. आईने कमरेच्या बटव्यात स्वतःचे पैसे घेतले. वाणगाव आणि गंजाडच्या बाजारात सुकट-बोंबील विकून जमवलेले. त्या नोटांना वास होता. मला त्याची लाज वाटली नाही, हे मुद्दाम सांगते.

जहाजावर चढताना तपासणीत पहिला घोटाळा झाला. आईने आणलेला नारळ काढून घेतला. बाहेरचं खाण्याचं काही चालत नाही. आई म्हणाली, "असूंदे. चहा देऊ. त्याला चहा जास्त आवडायचा." ते खरंच होतं. बोटीवरून आला की आधी चहा, मग अंघोळ.

त्याच टेबलावर माझं क्रेडिट कार्ड घासून घेतलं आणि दोघींना एकेक प्लास्टिकचं कार्ड दिलं. खोलीची किल्ली तीच आणि जहाजावरचं पाकीटही तेच. काहीही विकत घ्या, हे दाखवा, शेवटी सगळं तुमच्या क्रेडिट कार्डावर जाईल. मी दिवसभर लोकांना पैशांचे नियम सांगणारी बाई, तरी माझ्या डोक्यात शिरलं नाही की याचा आईशी काही संबंध असेल.

संध्याकाळी आम्ही वरच्या मजल्यावरच्या कॉफीच्या दुकानात गेलो. लाल खुणेची जागा सकाळी येणार होती, पण आईला आधी बघून ठेवायचं होतं, चहा कुठे मिळतो, केवढ्याला मिळतो. किंमत ऐकून ती म्हणाली, "एवढ्यात तर टोपलीभर सुकट येते." पण बटवा उघडला.

"कॅश नाही चालत, आंटी," दुकानातला मुलगा म्हणाला. "कार्ड द्या."

मी माझं कार्ड पुढे केलं. आईने माझा हात खाली केला. "तुझ्या पैशाचा नको बाय. तू आई हायस का त्याची?"

मुलगा बिचारा भला होता. जेवणाच्या हॉलमध्ये चहा फुकट असतो, तिथून घ्या, म्हणाला. आई म्हणाली, "फुकटातलं दिऊ मी माझ्या पोराला?" आमच्या मागे रांगेत एक गुजराती गृहस्थ उभे होते, त्यांनाही दया आली. "अरे माजी, एक चाय ना शुं पैसा? मारा कार्ड पर लई लो." आईला गुजराती उत्तम येतं, अर्धं गिऱ्हाईक तिकडचंच. तिने त्यांना हात जोडले आणि नको म्हटलं. मला मात्र त्या सगळ्यांच्या चांगुलपणाचा इतका राग आला की तिथे थांबवेना. दुनियेतला प्रत्येक माणूस आईला चहा द्यायला तयार होता, फक्त तिला तो विकायला कुणी तयार नव्हतं.

खाली चौकशी केली तर कळलं, रोख पैसे भरून कार्डात घेता येतात. त्याची खिडकी वेगळी आणि ती बंद झाली होती. सकाळी उघडेल.

सकाळी आम्ही खिडकी उघडायच्या आधीच जाऊन उभ्या राहिलो. मी मोबाइलवर नकाशा लावला होता. समुद्रात रेंज नव्हती तरी आपण कुठे आहोत तो निळा ठिपका दिसत होता, आणि तो लाल खुणेकडे सरकत होता. जहाज खुणेच्या अगदी जवळून जाणार होतं. अजून वेळ होता.

खिडकीतली मुलगी गोड बोलणारी होती. "मॅडम, तुमची केबिन तुमच्या क्रेडिट कार्डाला जोडलेली आहे. यात रोख भरता येत नाही."

"मग आईचं वेगळं खातं करा."

"करता येईल. त्यांचं ओळखपत्र?"

आधार कार्ड खोलीतल्या तिजोरीत. लिफ्ट येईना म्हणून मी जिन्याने धावले, घेऊन आले. तोवर रांगेत इंटरनेटच्या तक्रारीवाले घुसले होते. मी त्यांच्यावर खेकसले, एका बाईने मला "मॅनर्स" असा शब्द ऐकवला. मग फॉर्म. मग सही, आईची सही सावकाश होते. मग कमीत कमी किती भरायचे त्याचा आकडा. तो ऐकून मला घाम फुटला, पण आईने बटवा सरळ खिडकीत ओतला. बाजाराच्या कित्येक दिवसांचे पैसे, एका कप चहासाठी. मुलीने प्रत्येक नोट दिव्याखाली धरली. दोन फाटक्या होत्या, त्या परत केल्या, आणि बाकीच्या मोजताना मध्येच चुकली म्हणून पहिल्यापासून मोजल्या. तिची काही चूक नव्हती. मीही माझ्या काउंटरवर अशाच मोजते. तरी मला त्या काचेवर डोकं आपटावंसं वाटत होतं.

आईच्या नावाचं कार्ड छापून आलं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नावाचं, तिच्या पैशांचं कार्ड. तिने ते दोन्ही हातांनी घेतलं.

आम्ही वर पळालो. तिचे गुडघे दुखतात, तरी पळाली. दुकानातल्या मुलाने कार्ड मशीनला लावलं. लाल दिवा. "नवीन आहे ना, सुरू व्हायला जरा वेळ लागतो. दोन मिनिटं." परत लावलं. लाल. मी मोबाइलकडे बघत होते. ठिपका खुणेला टेकला होता. मुलाला म्हटलं, "अहो, आधी चहा द्या ना, पैसे मागून घ्या." तो द्यायला लागलाही, पण आईने कप हातात घेतला नाही. आधी पैसे. तिने जन्मात उधार दिलं नाही की घेतलं नाही.

हिरवा दिवा लागला तेव्हा तिने कप उचलला आणि आम्ही डेकवर आलो. वारा जोराचा होता. पाणी खाली फार खोल दिसत होतं. आई कठड्याला लागून उभी राहिली, पदर डोक्यावरून घेतला आणि मला म्हणाली, "दाखव."

मी म्हटलं, "इथंच आहे आय. ओत."

"दाखव ना."

"इथंच आहे म्हणते ना!"

तिने माझ्या हातातून मोबाइल घेतला. ती अडाणी आहे, पण तो नकाशा तिने इतकी वर्षं रोज बघितलाय, तेवढा मीही नाही बघितला. लाल खूण मागे राहिली होती. ठिपका आणि खूण यांच्यामध्ये निळं पाणी वाढत चाललं होतं आणि आम्ही ते वाढताना बघत उभ्या होतो.

मी काय काय नाही बोलले! समुद्र एकच असतो. पाणी वाहतं, पोचतं. त्याला कळतं. शेवटी मी तिचा हात धरून कप कलता करायला गेले. तिने मनगट घट्ट केलं. मासळी वाहणाऱ्या बाईचं मनगट ते, माझ्याने हललं नाही.

बराच वेळ ती तशीच उभी राहिली. मग तिने तो चहा स्वतः प्यायला. गार झालेला, एकेक घोट घेत, पूर्ण.

"साखर जास्त हाय," म्हणाली. आणि मग माझ्याकडे वळून, अगदी शांत चेहऱ्याने: "नारळ घेतला नाय. चहा घेतला नाय. त्याला नकोच हाय, बाय. मेलेला मानूस नाय म्हनत नाय. हाय तो. कुठं तरी हाय."

मी कठड्याला धरून रडले. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती, तीच मला धीर देत होती.

त्या दिवशी ती पोटभर जेवली. कित्येक वर्षांत मी तिला असं जेवताना पाहिलं नव्हतं. दुसऱ्यांदा भात मागितला, मला ताटातला मासा कसा शिळा आहे ते समजावलं, त्या गुजराती गृहस्थांशी बोंबलाच्या भावावर गप्पा मारल्या. उतरताना उरलेले पैसे परत मिळाले ते नीट घडी करून बटव्यात ठेवले. मला वाटत होतं, हिला कुणीतरी हलवावं, मारावं, काहीतरी करावं. वर्षानुवर्षांच्या कष्टांनी ती जिथवर आली होती तिथून एका मशीनच्या लाल दिव्याने तिला पार मागे नेऊन ठेवलं होतं. आता तिच्या हातात पुरावा होता. पूर्वी नुसती आशा होती, तिच्याशी निदान भांडता यायचं.

घरी भावजय ओटीवर उभी होती. तिने आमच्या दोघींच्या तोंडाकडे पाहिलं. आईचा चेहरा उजळलेला बघून तिला वाटलं, झालं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती थोडी हसली. मी बघितलं ते.

आई चपला काढता काढता म्हणाली, "त्यानी घेतलं नाय गं. हाय तो. येल."

भावजय पुढे झाली. आईच्या हातातली पिशवी घेतली, आत ठेवली, जेवायला वाढलं. आई झोपल्यावर मागच्या अंगणात ती माझ्याजवळ आली. मला वाटलं, ही आता चिडेल, मला काही बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. मी तिला म्हटलं, तू जा, आय काही म्हणू दे, मी बघते तिच्याकडे.

"नाय ताई," ती म्हणाली. "आय 'हाय' म्हनतात तवर मी त्यांची बायकोच. तलासरीला गॅरेजवाल्यांना सांगा, थांबू नका म्हनावं."

मी म्हटलं, एवढ्यात नको सांगायला. थोडे दिवस जाऊ देऊ.

"सांगा," ती म्हणाली. "त्यांनी तरी का थांबावं?"

सोमवारी पतसंस्था उघडायच्या आधी मी गॅरेजवर गेले आणि सांगितलं.