अनुमोदन कोण देणार?

अर्डिस माझ्या भावाची, मायलोची बायको. आमच्या हॅलम गावात कोणालाही तिच्याबद्दल विचारा, एकच उत्तर मिळेल: फार चांगली बाई. आमच्या मिनेसोटात फार चांगलं असणं ही साथ आहे आणि ती घराघरात आहे. माझ्या अंगात तेवढी ती मुरली नाही, म्हणून हे सांगायला मी उरले.

अर्डिस हॅलमच्या गाडीची अध्यक्ष होती. गाडी म्हणजे दहा जण बसतील अशी व्हॅन. गावातल्या आजारी माणसांना शहरातल्या इस्पितळात न्यायचं, सुया-नळ्या होईपर्यंत थांबायचं आणि परत घरी आणून सोडायचं. ही संस्था काढली हॉगनसरांनी. ते आमच्या शाळेचे मुख्याध्यापक. त्यांची बायको इंगा आजारी पडली तेव्हा ते एकटेच तिला बर्फातून घेऊन जायचे, आणि ती गेल्यावर दुसऱ्या कोणावर ही पाळी येऊ नये म्हणून त्यांनी गाडी उभी केली. गाडीच्या दारावर इंगाचं नाव रंगवलेलं आहे. संचालक मंडळावर पाच माणसं: अर्डिस, हॉगनसर, पशुखाद्याच्या दुकानाचा ड्वेन, निवृत्त नर्स लोइस आणि आमची पाद्रीणबाई करिन. करिन सोडली तर सगळे सरांचे विद्यार्थी. साठी उलटली तरी त्यांच्यासमोर कोणाची पाठ खुर्चीला टेकत नाही.

मीटिंग दर महिन्याला चर्चच्या तळघरात, दुपारी चारला. कॉफी आणि खजुराच्या वड्या माझ्याकडे. स्वयंपाकघराची खिडकी थेट त्यांच्या टेबलावर उघडते, त्यामुळे ऐकू सगळं यायचं, मत मात्र मला नव्हतं.

त्या मीटिंगा म्हणजे नमनाला घडाभर तेल. आधी हवा. मग कोणाची गाडी घसरून चरात गेली ते. मग मागच्या मीटिंगचं वाचन, त्यात कोणाच्या तरी काकूच्या नावाची दुरुस्ती, मग त्या काकूची तब्येत. आमच्याकडे तोंडावर नाही कोणी म्हणत नाही. एखादी गोष्ट अजिबात पटली नाही की म्हणायचं, "हे वेगळंच आहे." एवढं ऐकलं की समोरच्यानं समजून घ्यायचं आणि विषय गुंडाळायचा. ताटलीतली शेवटची वडीसुद्धा कोणी उचलत नाही. तिचा अर्धा तुकडा करायचा, पुढचा त्या अर्ध्याचा अर्धा करणार, आणि शेवटी जो चुरा उरतो तो मी टाकून देते.

एकदा अर्डिस शहरात मीटिंग कशी चालवावी याच्या शिबिराला जाऊन आली. उजळलेल्या चेहऱ्यानं मला म्हणाली, "बेव्ह, प्रत्येक विषयाला वेळ बांधून द्यायचा. माणसं वेळेवर घरी जातात, जेवतात, जगतात!" पुढच्या मीटिंगला तिनं स्वयंपाकघरातलं कोंबडीच्या आकाराचं टिकटिकणारं घड्याळ टेबलावर ठेवलं. हॉगनसर बराच वेळ कोंबडीकडे बघत राहिले.

"हे वेगळंच आहे," ते म्हणाले.

करिननं हळूच कोंबडीवर रुमाल टाकला. संपलं शिबिर.

अर्डिसला घाई होती ती मायलोसाठी. त्याचं हृदय थकलं होतं. हा हिवाळा निघेल, पुढचं सांगता येत नाही, असं डॉक्टरनं शरद ऋतूतच सांगून ठेवलं होतं. मायलोनं मागितलं एवढंच की तळं गोठलं की त्या बर्फावर नेऊन ठेवलेल्या आपल्या छोट्या लाकडी खोलीत दोघांनी बसायचं. बर्फाला भोक पाडून गळ सोडायचा, छोटी शेगडी पेटवायची, पत्ते खेळायचे. लग्न झाल्यापासून दर हिवाळ्यात ते हेच करत आले होते. पण गाडीचे चालक एकेक करून गळाले होते. एकाचं खुब्याचं हाड मोडलं, दुसऱ्याची नजर गेली. उरली अर्डिस. अंधारात उठून गाडी काढायची आणि अंधार पडल्यावर परतायची. मायलो दिवसभर खिडकीतून तळ्याकडे बघत बसायचा.

नोव्हेंबरात काउंटीनं, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या सरकारनं, विचारलं, तुमची गाडी आमच्याकडे द्याल का? चालक त्यांचे, माणसं तीच, घरं तीच. कोणाचीही खेप चुकणार नव्हती आणि अर्डिस मोकळी होणार होती. एकच गोष्ट, दारावरचं इंगाचं नाव जाणार होतं. महिनाअखेर उत्तर हवं होतं.

ड्वेननं दुकानात अर्डिसला सांगितलं, "बिनधास्त आण विषय, ठराव मी मांडतो." लोइसनं फोन केला, "माझा हात वर आहे असंच समज." करिननं प्रार्थनाही केली. सरांशी मात्र कोणी बोललं नाही. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची?

मीटिंग भरली. हवा झाली, चर झाला, काकू झाली. ड्वेननं ठराव वाचला आणि दमल्यासारखा खाली बसला.

अर्डिस म्हणाली, "या ठरावाला अनुमोदन?"

मी खिडकीत ताटली पुसत होते, ती तशीच धरून राहिले. हॉगनसर कपात बघत होते. लोइसनं वडी उचलली, तिचे दोन तुकडे केले, मग एकाचे आणखी दोन. करिन लोइसकडे बघत होती. ड्वेनला अनुमोदन देता येत नाही, ठराव त्याचाच. अध्यक्षानं द्यायचं नाही, हा नियम सरांनीच घातलेला.

"अनुमोदन कोणी देतंय का?" अर्डिसनं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिचा आवाज फाटला. हात जोडायचेच बाकी होते. चार माणसं मूग गिळून बसली होती.

"अनुमोदन नसल्यामुळे ठराव बारगळला," ती म्हणाली आणि पुढचा विषय घेतला. पुढचा विषय तळघरातल्या डुगडुगणाऱ्या खुर्च्यांचा होता. त्यावर सगळे भरभरून बोलले.

कोट चढवताना मात्र प्रत्येकाला कंठ फुटला. सर निघून गेले होते.

"मी मांडला होता बरं का," ड्वेन म्हणाला. "याहून जास्त काय करणार?"

"मी देणारच होते," लोइस म्हणाली, "पण सरांचा चेहरा बघवेना गं."

"मला वाटलं लोइस देईल," करिन म्हणाली.

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. "तुमच्या जिभांना काय लकवा झाला होता? एक शब्द! एक शब्द बोलायला काय दात पडणार होते?"

"बेव्ह, तू फारच स्पष्ट बोलतेस," लोइस दुखावून म्हणाली.

"बेव्ह, राहू दे," अर्डिस म्हणाली. तिनं मफलर गुंडाळला, ड्वेनच्या बायकोच्या गुडघ्याची चौकशी केली आणि गेली. मला तिचा इतका राग आला की मी उरलेल्या वड्या कचऱ्यात फेकल्या.

त्या संध्याकाळी मायलो सगळं ऐकून म्हणाला, "पुढच्या मीटिंगला माझं हृदयही विषय म्हणून घ्या. तुमचे लोक तो पुढच्या महिन्यावर ढकलतील. तेवढाच मला एक महिना मिळेल." आम्ही तिघंही हसलो. मग अर्डिस मोरीत गेली आणि नळ सोडून रडली. नळाच्या आवाजातही ऐकू येत होतं.

नाताळच्या आधी चर्चचं ल्युटफिस्कचं, म्हणजे वाळवून भिजवलेल्या माशाचं, जेवण होतं. हॉगनसर आपली ताटली घेऊन माझ्या खिडकीशी आले.

"बेव्हर्ली," ते म्हणाले, मला पूर्ण नावानं हाक मारणारे ते एकटेच, "तो काउंटीचा विषय पुन्हा का आला नाही?"

"सर, तो तर पडला ना."

"हो, पण मला वाटलं कोणी तरी अनुमोदन देईल. मी हात वर करणार होतो." त्यांनी ताटली कट्ट्यावर ठेवली. "इंगाचं नाव पुसा असं माझ्या तोंडानं कसं म्हणू? पण कोणी दिलं असतं तर मी हो म्हणालो असतो. इंगाला माणसं वेळेवर पोहोचण्याशी मतलब होता. कोणीच बोलेना, तेव्हा मी समजलो, तुम्हा कोणालाच गाडी द्यायची नाहीये."

"सर," मी म्हणाले, "ते सगळे तुमच्यासाठी गप्प बसले."

आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांची भीती वाटली नाही, नुसती कीव आली. तोवर काउंटीनं आमच्यासाठी ठेवलेला चालक शेजारच्या गावाला देऊन टाकला होता.

मी हे अर्डिसपासून लपवलं नाही. ऐकून ती दुधाच्या रिकाम्या क्रेटवर बसली. "मी त्यांना नाव घेऊन विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "सर, तुमचं काय म्हणणं आहे? एवढंच." नंतर कितीतरी वेळ ती तेच तेच पुटपुटत होती.

जानेवारी खेपांमध्ये आणि वादळांमध्ये गेला. मायलो जिना चढेनासा झाला. दर रविवारी तळ्यावर जायचं ठरायचं आणि दर रविवारी एक तर बर्फाचं वादळ यायचं, नाही तर अर्डिस खुर्चीतच झोपून जायची. मायलो तिला उठवायचा नाही. फेब्रुवारीतल्या मीटिंगच्या दिवशी आभाळ निरभ्र होतं आणि शहराची खेप नव्हती. मायलो म्हणाला, आजच. माझ्या नवऱ्यानं त्याला घोंगडीत गुंडाळून तळ्यावर नेलं, खोलीत बसवलं, शेगडी पेटवून दिली. मीटिंग आटोपून अर्डिस थेट तिथं जाणार होती. सूर्य बुडायच्या आत दोघांना पत्त्यांचा एक डाव मिळाला असता.

सगळे विषय तिनं भराभर उरकले. आता सभा संपली म्हणायची, तेवढ्यात हॉगनसर उभे राहिले.

त्यांना माफी मागायची होती. आमची माणसं माफी सरळ मागत नाहीत. सरांनी सुरुवात केली ती इंगा पहिल्यांदा आजारी पडली तिथून. मग ते रस्ते, ती वादळं, ती पहिली गाडी. बोलता बोलता ते रडायला लागले. लोइस डोळे पुसत होती. अर्डिसचा एक हात कोटाच्या बाहीत होता आणि तिची नजर भिंतीवरच्या घड्याळावर. मी खिडकीतून तिला हातवारे करत होते, नीघ, अगं नीघ! तिनं माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. रडणाऱ्या म्हाताऱ्याला मध्येच तोडायचं कसं? फार चांगली बाई. सर खाली बसले तेव्हा तळघराच्या खिडक्या काळ्या झाल्या होत्या.

ती तळ्यावर पोहोचली तोवर माझ्या नवऱ्यानं मायलोला घरी आणलं होतं. त्याला एक वॉलआय मासा मिळाला होता. तो त्यानं तिला दाखवायला बादलीत ठेवला होता. "मीटिंग कशी झाली?" त्यानं विचारलं.

"लांबली," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात मायलो गेला. मातीनंतरचं जेवण त्याच तळघरात झालं, त्याच डुगडुगणाऱ्या खुर्च्यांवर. ड्वेन, लोइस, करिन सगळे ओव्हनमध्ये भाजलेला बटाट्याचा हॉटडिश घेऊन आले. सर दाराशीच उभे राहिले, आत यायचं त्यांना धाडस होईना. अर्डिसनं जाऊन त्यांना हाताला धरून आत आणलं. मी तिच्या जागी असते तर आणलं नसतं.

एप्रिलच्या मीटिंगला तिनं कोंबडी पुन्हा टेबलावर ठेवली. या वेळी तिच्यावर रुमाल टाकायला कोणी धजलं नाही.

"गाडी घेता का, असं आता आपणच काउंटीला विचारायचं," ती म्हणाली. "लोइस, हो की नाही?"

"म्हणजे, मला वाटतं, तसं बघायला गेलं तर..."

"लोइस."

"हो."

"ड्वेन? करिन?" दोघंही हो म्हणाले. मग ती सरांकडे वळली. "हॉगनसर, तुमचं काय म्हणणं आहे?"

"हो," सर म्हणाले. त्यांनी स्वतःच अनुमोदन दिलं.

कोंबडी वाजली तेव्हा सगळे विषय संपलेले होते. अशी मीटिंग हॅलममध्ये कोणी पाहिली नव्हती. ड्वेन तर जाताना म्हणालासुद्धा, "अर्डिस, आजच्यासारखी दर वेळी चालव बाई, अजून दुकान उघडं सापडेल!" बैल गेला आणि झोपा केला, असं माझ्या ओठावर आलं होतं, पण अर्डिसकडे बघून गिळलं.

सगळे गेले. बाहेर चांगलं ऊन होतं, तळ्यावरचा बर्फ फुटायला लागला होता. मी भांडी घासली, ओटा पुसला, दिवे घालवायला आले तर ती कोट घालून तिथंच बसलेली.

"अगं, घरी जा ना," मी म्हणाले. "आज लवकर सुटलीस."

इतक्या वर्षांत मीटिंग संपल्यावर तिनं माझ्याकडे कधी कॉफी घेतली नव्हती. घरी मायलो जेवायचा थांबलेला असायचा.

"बेव्ह," ती म्हणाली, "कॉफी उरलीय का गं?"

कॉफीचं पिंप मी नुकतंच धुऊन ठेवलं होतं. मी पुन्हा पाणी भरलं.