कळीत अडकलेलं झाड

फोन आला त्या बुधवारी सकाळी माय वसमतच्या आमच्या घरी दारात मेथी निवडत बसली होती आणि मी शेजारी पेपर वाचल्याचं सोंग करत होते. तीन दिवस आमचं बोलणं नीट नव्हतं. फोन लिसीचा होता. माझी धाकटी बहीण विशाखा न्यूझीलंडात एका वृद्धाश्रमात नर्स होती आणि केरळची लिसी तिथली तिची मैत्रीण. ती हिंदीत एवढंच म्हणाली, "दीदी, विशाखा चली गई." मायने हातातली जुडी खाली ठेवली. "विशीचं ना?" मी मान हलवली. ती लगेच रडली नाही. आधी तिने विचारलं, "कवापासून ठाऊक व्हतं तुला?"

या प्रश्नाचं उत्तर मी तिला नंतर दिलं. इथे सगळं लिहून काढते आहे, कारण विशाखावर लिहायचं आणि हे वगळायचं, तर ती आणखी एक थाप होईल.

आम्ही मूळच्या जवळच्याच हट्टा गावच्या. घरची हळद होती आणि ती काढणीला आली की नाही हे माय पानावरून ओळखायची. पान पिवळं पडून खाली मान टाकतं, पण किती पिवळं आणि देठ कुठवर वाळला, हे बघणं तिचं काम. थंडीत ती आम्हा बहिणींना पान आणायला रानात पिटाळायची. एकदा विशाखाने कंटाळा केला. रानापर्यंत न जाता गावाजवळच्या शेजाऱ्याच्या वाफ्यातलं पान खुडलं आणि ऐटीत आणून दिलं. मायने देठ बोटांत फिरवला. देठाला मुरमाची तांबूस माती होती आणि आमचं रान काळं. "हे पान आपल्या रानातलं न्हाई," ती म्हणाली आणि विशाखाला उन्हातून परत पाठवलं. विशाखा रस्ताभर मायला बोल लावत गेली आणि येताना बरोबर पान घेऊन आली. मोठेपणी हा किस्सा तीच सगळ्यांना रंगवून सांगायची. मायला फसवणारा अजून जन्मायचा आहे, असं तिचं म्हणणं होतं.

नर्सिंग शिकून ती आधी नांदेडला, मग मुंबईला आणि शेवटी पार समुद्रापल्याड गेली. लग्न मोडलं त्याचा तिने बाऊ केला नाही. एकटीने घर केलं. पहिल्या वर्षी तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा इथे आम्ही शाली गुंडाळून शेकोटीपाशी बसलो होतो आणि ती म्हणत होती, "अक्का, हितं नाताळ आलाय अन् मी घामानं भिजून राहिले." तिकडे नाताळ ऐन उन्हाळ्यात येतो, हे शाळेत भूगोल शिकवणाऱ्या मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि बहिणीच्या कपाळावरचा घाम बघणं वेगळं. तिथल्या म्हाताऱ्यांकडून तिने नाताळच्या खुणा शिकून घेतल्या होत्या. टेकड्यांवरचं गवत पिवळं पडतं, झाडांवरचे किडे भर दुपारी किर्र लावतात, रात्रीचे नऊ वाजले तरी उजेड हटत नाही. आणि मुख्य खूण म्हणजे समुद्राकाठची पोहुतुकावाची झाडं. आधी पांढुरक्या, लव असलेल्या कळ्या येतात, मग त्यांतून लाल तंतूंचे झुबके फुटतात आणि अख्खं झाड पेटल्यागत होतं. तिथे त्याला नाताळचं झाडच म्हणतात. आमचा काही तो सण नव्हे, आम्ही विहारात जाणारी माणसं. विशाखा म्हणायची, सण लिसीचा, सुट्टी माझी. तिची रजा तेव्हाच लागायची आणि ती घरी यायची. मायला डिसेंबर-फिसेंबरशी देणंघेणं नव्हतं. तिला झाड पुरे होतं. त्याचं नाव जिभेवर बसेना म्हणून ती त्याला 'विशीचा पळस' म्हणायची. दर रविवारी वृद्धाश्रमाच्या आवारातल्या झाडाचा फोटो यायचा आणि माय चष्मा लावून लेक किती दिवसांवर आली ते ठरवायची.

गेल्या जुलैमध्ये विशाखाने मला एकटीला फोन करून आजार सांगितला. पोटातला होता आणि पसरलेला होता. तिने मला शपथ घातली. मायला ती स्वतः सांगणार होती, समोर बसून, हात हातात घेऊन. "झाड लाल झालं की मी येते. तवर तुझ्या तोंडून एक शब्द निघाला न्हाई पाहिजे." मी हो म्हटलं. डॉक्टरांनी प्रवासाची आशा दाखवली होती आणि आशेवर माणूस काय काय कबूल करतं.

ऑक्टोबर संपता संपता तिला झाडापर्यंत चालवेना. मग तिने मोबाइलमधला मागच्या वर्षीचा फोटो पाठवला, कळ्यांचा. पुढच्या रविवारी त्याच झाडाचा जरा बाजूने काढलेला, तोही जुनाच. मला माहीत होतं. मी तो मायसमोर धरला आणि वर पाखरं बघ, आभाळ बघ, अशी बडबड केली. तिसऱ्या रविवारी मायने फोन माझ्या हातातून घेतला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला, जसं विशाखाने तिला शिकवलं होतं.

"ही कळी मागल्या आइतवारी बी इतकीच व्हती," ती म्हणाली. "झाड वाढून न्हाई राहिलं. काहून?"

तिकडे यंदा थंडी लांबली, असं मी ठोकून दिलं. तेवढ्यात विशाखाचा व्हिडिओ कॉल आला. ती उशीला टेकून बसली होती, पदर घ्यावा तशी ओढणी डोक्यावरून घेतलेली, म्हणजे गेलेले केस दिसू नयेत. मायने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्या मागे. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "थंडी लांबली तं पंखा काहून फिरून राहिला?" विशाखा हसली, पण ते हसू ओठांवर टिकेना. माय फोनच्या अगदी जवळ गेली. "झाड ऱ्हाऊ दे विशे. तुला काय तकलीफ हाय ते सांग."

विशाखाने तोंड उघडलं. ती सांगणार होती... मला आजही तसंच वाटतं, ती सांगणारच होती. आणि मी फोन ओढून घेतला, नेट गेलं म्हणाले आणि लाल बटण दाबलं. शपथ पाळली मी! माय उठून मोरीवर भांडी घासायला बसली. मी विशाखाला मेसेज केला की सांभाळून घेतलं. तिचं उत्तर आलं नाही. बुधवारी लिसीचा फोन आला.

अंत्यविधी तिकडेच झाला, आम्ही तो याच मोबाइलवर पाहिला. त्यानंतर मायने त्या फोनला हात लावला नाही. मी तिला सगळं सांगितलं, जुलैपासूनचं. तिने ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलली, "तिचा हात धराया मी तिकडं जाऊ शकत नव्हते, पण बोलू तं शकत व्हते."

नाताळच्या सकाळी लिसीने, मी न मागता, फोटो पाठवला. झाड लालभडक झालं होतं, एक फांदीसुद्धा हिरवी दिसत नव्हती. माझा पहिला विचार काय आला असेल? लपवावा. मायला कशाला परत घायाळ करायचं. सवय लागली होती ना मला. मग मी स्वयंपाकघरातून बाहेर गेले आणि फोन तिच्या मांडीवर ठेवला.

तिने चष्मा शोधला. दोन बोटांनी फोटो मोठा केला, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत फिरवला, खाली पडलेले तंतूही बघितले. विशाखाच्या बालपणी देठ फिरवायची तेवढाच वेळ घेतला.

"हे आजचं हाय," ती म्हणाली, आणि तेव्हा, पहिल्यांदा, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

आता लिसी दर रविवारी फोटो पाठवते. परवाच्या फोटोत झाडावरची फुलं जवळजवळ झडली होती आणि खालची सगळी वाट लाल झाली होती. तो तर मला दाखवावासा मुळीच वाटत नव्हता. तरी मी फोन मायच्या हातात दिला.