सासूबाईंच्या खुर्चीखालची टाकी

लोक पेट्रोल वर्षानुवर्षं टाकीत सडवतात आणि इंजिन चालू झालं नाही की मिस्त्रीच्या नावाने खडे फोडतात. तळाशी बसलेला तो चिकट थर काढायला टाकीत रॉकेल आणि मूठभर नट घालून तासभर हलवत बसावं लागतं. मिस्त्रींचे खांदे त्यापायी कामातून गेले होते. पण त्यांच्या सासूबाई वर्कशॉपच्या दारात झुलत्या खुर्चीत बसायच्या, आणि राग आला की खुर्ची अशी हलवायच्या की फरशी हादरायची. मिस्त्री हळूच टाकी खुर्चीखाली बांधू लागले.

पातळ थर असला तर "तुमच्या भाजीत मीठ कमी होतं," एवढ्यावर भागायचं. घट्ट असला तर धाकट्या मेव्हण्याच्या नोकरीचा विषय काढावा लागे. बायको कपाळाला हात लावायची. "आईशी एवढं काय वाकडं आहे तुमचं?"

"धंदा आहे," मिस्त्री म्हणायचे.

मग एकदा गवत कापायच्या यंत्राची टाकी आली. मालकाने सहा वर्षं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मीठ झालं, मेव्हणा झाला, सासूबाईंचं घोरणंसुद्धा झालं, तरी थर जागचा हलेना. भात्यातले बाण संपले, तसे मिस्त्री डोकं धरून खाली बसले.

सासूबाईंनी खुर्ची थांबवली. वाकून खालची टाकी खडखडवून पाहिली.

"हे असल्यातसल्याने निघायचं नाही, जावईबापू," असं म्हणत त्या पाय रोवून नीट बसल्या. "तुमच्या सासऱ्यांबद्दल बोला."