पोपटरावांच्या घरची पाच मतं

पोपटराव बारा वर्षं कतारमध्ये मेसईदला वेल्डिंग करत होते, पण गावाकडे घरातली पाच मतं कुणाला जाणार ते अजूनही तेच फोनवरून सांगायचे. त्या शुक्रवारी सुट्टीचं निवांत जेवत असताना मोबाईलवर झेडपीच्या उमेदवाराचं भाषण आलं. कपाळाला गंध, कडेवर कुणाची तरी पोर. गडी ओरडत होता, "पोटातली लेक मारणाऱ्याला मी या गटात राहू देणार नाही!"

पोपटरावांनी हातातला घास ताटात टाकला. सहा वर्षांपूर्वी ते सुट्टीवर गेले होते, तेव्हा ह्याच भामट्यानं आपल्या जीपमधून त्यांना आणि त्यांच्या बायकोला, फुलाबाईला, चोरून सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरकडे नेलं होतं. दुसरीही मुलगीच आहे म्हटल्यावर तिथंच पोट रिकामं करून आणलं होतं. आणि आता हा पोरींचा कैवारी!

ताट सारून त्यांनी बायकोला फोन लावला. "त्या हरामखोराला एकसुद्धा मत जाता कामा नये! जनाची नाही तर मनाची तरी लाज? खलास, घरात सगळ्यांना सांग!"

पलीकडून फक्त भांडी घासल्याचा आवाज येत राहिला.

"अगं, ऐकू येतंय का?"

"येतंय," फुलाबाई म्हणाली. "त्याला मत देनार न्हाईच. त्याचा फ्लेक्स लागला त्याच दिवशी ठरवलंय मी. तुमी सांगायची गरज न्हाई. पन एक सांगा. जीप त्याची व्हती. मी रडत हुते, तवा दंडाला धरून मला जीपमधी बसवलं कुनी?"